नऊ टक्के उघडा

मरोळच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी व्हॉल्व्हचं माप काढते.
नळ का? असं विचारतात लग्नाकार्यात.
हो, नळच. फक्त त्याला फिरवणारा हात
कंट्रोल रूममध्ये बसलेला असतो
आणि त्याला पाणी दिसत नसतं.

माहुलहून आज पुन्हा डेटाशीट आली.
तासाला चाळीस घनमीटर, दाबाचा उतार चार बार.
चाराचं वर्गमूळ दोन, चाळीस भागिले दोन, वीस.
आठवीतलं पोर करेल.
अवघड असतं ते वीसला वीसच राहू देणं.

कारण हे चाळीस मुळात चाळीस नाहीतच.
प्लांट चालतो अठ्ठावीसवर.
डिझाइनवाल्यानं वर दहा टक्के घातले, असू द्यावेत म्हणून.
सल्लागारानं त्यावर तीस, उद्या वाढलाच प्लांट तर.
मग पर्चेसचा फोन:
पाइप चार इंची आहे ना, मग व्हॉल्व्हही चार इंचीच द्या.
भीती असं कुणीच लिहीत नाही.
टक्के लिहितात, खाली सही करतात.

मागच्या वर्षी दिला होता आम्ही चार इंची.
तिसऱ्या महिन्यात डाबरेचा फोन,
मॅडम, तुमचा व्हॉल्व्ह खडी चघळतोय.
हेल्मेट चढवून गेले. काटा नऊ टक्क्यांवर,
तिथेही स्थिर नाही.
जरा उघडला की जास्त, जरा मिटला की कमी,
एकशेसाठच्या घशातून चौदाचा घोट.
पाण्यातले बुडबुडे आत फुटत होते.
खोलून पाहिला तर सीट
उंदरानं साबण कुरतडावा तशी.

बाबा महापालिकेत चावीवाले होते.
असल्फ्याच्या टेकडीखाली, पहाटे चार दहाला,
लोखंडी चावी खड्ड्यात घालून
दांड्याला कान लावायचे.
साडेअकरा आटे. बारावा कधीच नाही.
वरून बायका ओरडायच्या, सोड की पुरता,
तुझ्या बापाचं आहे का पाणी?
बाबा आटे मोजत राहायचे.
बारावा दिला की खालची गल्ली वाहते
आणि वरची घागर कोरडी,
हे त्यांनी कुणाला समजावल्याचं आठवत नाही.
वर्गमूळ त्यांना माहीत नव्हतं.
पण चौपट जोर लाव, येतं दुप्पटच,
असं म्हणायचे, कधी पाण्याबद्दल,
बहुतेकदा माझ्या भावाच्या अभ्यासाबद्दल.

माहुलला नंतर दोन इंची बसवला,
दोन्हीकडे रिड्यूसर लावून.
पर्चेसवाल्यानं तो आधी हातात धरून पाहिला,
जावयाला सोन्याऐवजी चांदी दिल्यासारखा.
दिवाळीपासून डाबरेचा फोन नाही.
आमच्या धंद्यात शाबासकी ती हीच.

आता ही दुसरी शीट.
वीस लिहिलं, आणि पेन्सिल थबकली.
बावीस केलं.
दोनच तर आहेत, कोण विचारतंय.
माझ्या दोनाच्या मागे काय होतं?
गेल्या वर्षीची ती कुरतडलेली सीट,
साहेबांचा चेहरा, घराचा हप्ता.
म्हणजे मीही त्यांच्यातलीच, टक्के कमी, एवढंच.

दांड्याला लावतात तसा कान
कुठे लावायचा कागदाला?

खोडरबर शोधला. वीस.
फोन वाजतोय, पर्चेसचाच असणार.
वाजू दे,
आधी सही करते.