बेडकी

सातव्या दिवसाची भेट. वहीत तसंच लिहिलंय:
वजन दोन किलो सहाशे, ताप नाही, नाळ कोरडी.
पुढचा रकाना, 'दूध नीट ओढते का'.
तिथं माझं पेन थांबलं.

बिराजदार वस्ती, संखच्या पुढं,
जिथं मराठी संपत संपत कन्नड होते
आणि बाभळी तेवढ्या दोन्हीकडं सारख्या.
शिवलीला म्हणाली, धरतंय, सोडतंय, रडतंय.
रडणंही घोगरं,
घागरीत तोंड घालून रडल्यासारखं.

हात धुतले. मोबाईलचा उजेड धाकट्या दिराला धरायला लावला.
हिरडीवर दोन पांढरे दाणे, राजगिऱ्याएवढे.
सासू गंगव्वा दाराकडं सरकली:
दात घेऊन आलंय. मामाला वाईट.
दात नव्हेत, म्हटलं, आपोआप झडतात.
साळुंख्यांच्या पोरीला होते, महिन्यात गेले,
तिचा मामा अजून सोलापुरात रिक्षा चालवतो.

मग जीभ उचलली.
खाली निळसर फुगा, पातळ कातडीचा,
उजेड आरपार जाणारा,
कोवळ्या द्राक्षाएवढा,
आणि जीभ त्याच्यावर अवघडून बसलेली,
आपल्याच घरात जागा नसल्यासारखी.

कप्पे, गंगव्वा म्हणाली.
तेवढं कन्नड मला येतं. कप्पे म्हणजे बेडूक.
लहानपणी तिनं असाच एक पाहिला होता,
बाभळीच्या काट्यानं फोडलेला.
पुढं?
पुढं ती बोलली नाही.

काटा नको, चुना नको, मध नको.
हे तीन नको मी प्रशिक्षणात शिकले नाही,
कुणाकुणाच्या उंबऱ्यावर बसून शिकले.

वाटी-चमच्यानं दूध पाजत
तम्माण्णाच्या जीपमधून मिरज.
डॉक्टर मगदूमबाईंनी एक बोट जिभेखाली घातलं, एक हनुवटीखाली,
मान चाचपली. गळ्यात उतरली नाही, म्हणाल्या.
झोपेत घुसमटतं? ओठ निळे पडतात?
सोनोग्राफीच्या पाठकोऱ्या कागदावर एक रेघ काढली:
ही लाळेची नळी. हिचं तोंड जन्मापासून बुजलेलं.
म्हणजे चारी तुंबलीय, बाप म्हणाला.
आमच्या वस्तीवर कालव्याचं पाणी अजून आलेलं नाही,
पण तुंबणं त्याला लगेच कळलं.

काहींची आपसूक फुटते, वाट बघता येते.
याला दूधच जात नाही, वाट कशाच्या जिवावर बघायची?
नुसती सुई टोचली तर परत भरेल.
वरचं छप्पर कापायचं,
कडा शिवून वाट उघडी ठेवायची.
शिवलीलानं एवढंच विचारलं: भूल?
बाईंनी लपवलं नाही. भीती आहे, म्हणाल्या,
म्हणून भुलीचे डॉक्टर लहान मुलांचेच बोलावलेत.
आणि जाता जाता हसल्या:
आमच्या पुस्तकातही हिचं नाव बेडकीच,
कुठल्याशा मेलेल्या भाषेत.

म्हणजे जिथं जिथं कुणी
तान्ह्याची जीभ उचलून पाहिली,
तिथं तेच जनावर दिसलं.

बाकावर चाळीस मिनिटं.
सिस्टरनं वाटीत दाखवलं:
डिंकासारखं, बिनरंगाचं, चमचाभरही नाही.
एवढंच? गंगव्वानं विचारलं.
एवढंच.

दुसऱ्या दिवशी पोरानं आईला असं धरलं
की ती ओय म्हणून ओरडली आणि हसली,
आणि आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

येताना जतच्या अलीकडं जीप पंक्चर झाली.
चाक बदलेस्तोवर पोर रडलं, खणखणीत.
तम्माण्णा म्हणाला, रडू दे, गळा मोकळा झालाय.
अंधारात गंगव्वा माझ्या शेजारी उभी होती.
तो माझा भाऊ होता, म्हणाली.
कोण?
काट्याचा.
नाव काय त्याचं?
ठेवायचं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी दाणे गेले होते.
गंगव्वा रोज मोजत होती म्हणे.
वहीत बेडकीला रकाना नाही,
मी समासात लिहिलं.
आरोग्य केंद्रातल्या साहेबांनी तिथं लाल गोल केलाय,
प्रश्नचिन्हासकट.