वसतिगृहात पहिल्या रात्री

पिशवी आणलीस ना? आणलीच असशील.
प्रत्येकाची आई एक टाकतेच ट्रंकेत,
लोकरी मोज्यांच्या तळाशी.
ओत इथे. फरशीवर नको, पांघरुणावर ओत.
खडखडाट झाला तर दुल्मा बाई येतील,
आणि आल्या की मोजून घेऊन जातील.

हे मेंढीच्या घोट्याचं हाड, शगाइ.
तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे.
तरी ऐक. इथे सगळ्यांनी एकदा पहिल्यापासून ऐकायचं असतं,
कारण नदीपलीकडची पोरं वेगळं खेळतात
आणि मग कोणाचा तरी दात पडतो.

रुंद बाजू, पोट फुगीर: मेंढी.
रुंदच, पण मध्ये खळगा: बकरी.
कुशीवर उभं, कान टवकारल्यासारखं: घोडा.
दुसऱ्या कुशीवर: उंट.
उंट कमी पडतो. उंटाचं असंच असतं,
हाक मारली की दुसरीकडेच बघतो.

आणि टोकावर उभं राहिलं तर?
तर सगळे गप्प होतात.
मी सहा वर्षांत दोनदा पाहिलंय.
त्यातलं एक नोमिननं गादीला चिमटा काढून उभं केलं होतं.

शर्यत सोपी. वीस हाडं ओळीत लाव, हा रस्ता.
या बाजूला तुझा घोडा, त्या बाजूला माझा.
चार हाडं मुठीत घे, हलव, टाक.
जेवढे घोडे पडतील तेवढी हाडं पुढे.
एकही नाही पडला? मग जागीच थांबायचं,
वाऱ्याकडे पाठ करून, घोडे थांबतात तसं.
रडीचा डाव नाही.
रडायचंच असेल तर दिवा गेल्यावर रड,
तेव्हा सगळीच रडतात, कोण कोण ते कळत नाही.

आता टिचकीचा खेळ. हा खरा.
सगळी हाडं मूठभर उधळ.
मेंढीनं मेंढीला मार, घोड्यानं घोड्याला,
मधल्या कोणालाही धक्का न लावता.
लागलं, तर एक तुझं. चुकलं, तर डाव माझा.
टिचकी एका हाताची, उचलायचं दुसऱ्या हातानं.
का ते विचारू नकोस. इथे तसंच आहे.

ते का बाजूला काढलंस?
काळ्या कानाची? तिचं आहे?
अच्छा.
मग ऐक गालसान, हे नियमात नाही, पण सांगते.
ते खेळात घालायचं की उशीखाली ठेवायचं, तू ठरव.
घातलंस की ते सगळ्यांसारखंच एक हाड.
हरलास तर परत मागायचं नाही,
घराचं नाव काढून तर मुळीच नाही.

माझंही होतं एक. लंगडत चालायची, सगळ्यांच्या मागे.
पहिल्याच हिवाळ्यात हरले. त्सोल्मोनच्या पिशवीत गेलं.
मागच्या आठवड्यात डाव उधळला तेव्हा
ते माझ्यासमोरच येऊन पडलं, घोडा होऊन,
आणि माझाही घोडाच होता, वीतभरावर, मध्ये कोणी नाही.
मी ओळखलं. काठावरचा चरा ओळखला.
मी बकरीवर नेम धरला.
का ते अजून मलाही नीट सांगता येत नाही.

चल, टाक. असं नाही, आधी डोळे पूस,
दिसलं तर पाहिजे काय पडतंय ते.

घे, जनरेटर बंद झाला. दहा वाजले.
जाऊ नकोस. अंधारात खेळता येतं,
इथे निम्मा खेळ अंधारातच होतो.
हळूच हात ठेव, उलटवू नकोस, बोटानं बघ.
खळगा लागतोय? कान?
जे असेल ते सांग.
मी तपासणार नाही.