मागची सीट

आज मागच्या सीटवर कोम्प्यांग काका आहेत.
अकरा वर्षं जिथे मी
टोपीवाले, नकाशावाले, तोंड उघडं टाकून झोपलेले पाहुणे नेतो
तिथे पांढरं मुंडासं, चुण्यांचं सरोंग,
आणि मांडीवर रिकामा कॅन,
खाद्यतेलाचा, तीनदा राखेनं घासलेला.

उंदीर लागलेत भाताला.
रात्री बांधावर बसलं की, काका म्हणतात,
शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं.
पाणीवाल्यांची, आमच्या सुबकाची, बैठक झाली.
एकशे चार खातेदार, बोलणं कमी, विड्या जास्त.
ठरलं : समुद्रातल्या देवळाचं तीर्थ आणायचं.
गाडी कुणाची? सुवित्राची.
पेट्रोल कुणाचं म्हणताच बैठक उठली.

वळणावर पाय आपोआप ब्रेकवर गेला.
रोज इथे थांबतो. "पंधरा मिनिटं," म्हणतो.
खाली हिरवी पायरी, तिच्याखाली पायरी,
ढगातून उतरून थेट नारळांपर्यंत.
भांडत आलेली जोडपीसुद्धा इथे गप्प होतात.

"का थांबलास? लघवीला?"
मी म्हटलं, बघा तरी.
काकांनी काच खाली केली. पाहिलं, बराच वेळ.
"तिसऱ्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलंय.
सार्दाचं खाचर ते. बायको बाळंत आहे त्याची."
आणि तीर्थाला निघालेला माणूस
सरोंग खोचून
गुडघाभर चिखलात.

आमचं खाचर या देखाव्यात नाही.
थोरल्यानं विकलं. तिथे आता काचेचं उपाहारगृह,
शेताकडे तोंड केलेल्या वेताच्या खुर्च्या.
मी पाहुणे नेतो, दहा टक्के मिळतात.
पाट अजून त्याच्या फरशीखालून वाहतो.
विकल्याचं पाण्याला कुणी सांगितलेलं नाही.

समुद्रावर पोचलो तेव्हा भरती होती.
फाटकावरच्या पोरानं विचारलं, "पाहुणे किती?"
एकही नाही, म्हटलं. तरी पार्किंगचे घेतलेच.
कणसं भाजणारीच्या बाकावर काका बसले.
पुढे लाटांत खडक, खडकावर देऊळ,
पण ते देवळाकडे बघत नव्हते.
"एवढं पाणी," म्हणाले, "आणि बांध एकही नाही.
पाळी कोण लावतं याची?"
"चंद्र," ती बाई म्हणाली,
आणि कणीस उलटलं.

ओहोटीला शेवाळावरून पलीकडे गेलो.
एका मुलीनं काकांसोबत फोटो मागितला;
ते कॅन छातीशी धरून उभे राहिले,
लग्नात उभे राहतात तसे.
खडकाच्या पोटात झरा आहे.
चहूकडे खारं, मध्ये हे एवढंसं गोड.
पुजाऱ्यानं आधी विचारलं, "खातेदार किती?"
मग मंत्र, फुलं, तांदळाचे ओले दाणे कपाळावर,
आणि नरसाळ्यातून बारीक धार.
हातावरचा थेंब काकांनी चाखला, डोळे मिटले.
"आपलंच आहे," म्हणाले. "वरचं."
मला काही कळलं नाही.
माझी जीभ बाटलीच्या पाण्याची.

येताना दोन तास गाड्यांच्या रांगेत.
तीर्थ वाटेत टेकवायचं नसतं.
कॅन काकांच्या खांद्यावर,
एक हात दुखला की दुसऱ्या.
मी धरतो म्हटलं.
"तू रस्ता धर."

वळण आलं तेव्हा मिट्ट काळोख.
"थांब इथे," काका म्हणाले. "पंधरा मिनिटं."
मी इंजिन बंद केलं. दोन्ही काचा खाली.
दिसत काहीच नव्हतं.
आधी ऐकू आली ती कातर, बारीक, सगळीकडून.
मग तिच्याखाली पाणी,
पायरी भरून पायरी उतरणारं.
तिसऱ्यावर ते क्षणभर अडलं.
काकांनी कॅनचा हात बदलला.