बिनआवाजाचा कल्ला

निवतीच्या धोंड्यांवर अमावास्येची सुकती
उजाडायच्या सुमारास पुरती उघडी पडते.
शेवंतीकाकी साडी गुडघ्यांवर खोचून
कोयत्याच्या टोकाने शिणाणे सोडवत होती,
एकेक नाही, घोसच्या घोस,
दाढीच्या धाग्यांनी खडकाला आणि एकमेकांना धरलेले.
मला एकच हवं होतं, जिवंत, प्रॅक्टिकलला.
तिने तीन दिले.
"एक फुकट जातला," म्हणाली.

वेंगुर्ल्याच्या एसटीत मांडीवर डबा,
डब्यात हिंदकळणारा ओंजळभर समुद्र.

पोपटी काठातून ब्लेड सरकवलं,
दार ओढून धरणारा स्नायू कापला.
आत डोकं नाही. डोळा नाही.
नुसतं घर,
आणि घरात दोन्ही बाजूंना दोन दोन
ओली पातळ लुगडी वाळत घातलेली.

ते कल्ले.

आमच्याकडे कल्ला म्हणजे लिलावाच्या वेळी
बंदरावर होतो तो.
हा कल्ला काचेखाली धरला
तरी हूं की चूं नाही.

एकेक पदर शेकडो तंतूंचा.
तंतू तंतूला शिवलेला नाही,
केसांत केस अडकवून उभा फक्त.
सुईने विलग केले तर सुटतात,
जवळ आणले तर पुन्हा धरतात,
आमच्या वाडीतल्या जावांसारखे.

"आता बघ," मॅडम म्हणाल्या.
बघितलं.
रापणीच्या दोरीवर माणसं लागतात ना,
पहिला वाकतो, त्याच्या वाकण्यातून दुसरा,
दुसऱ्यातून तिसरा,
तशी एक लाट तंतूच्या कडेकडेने
चालली होती, संपत नव्हती.
पुस्तकात या केसांना पक्ष्म म्हणतात.
पक्ष्म म्हणजे पापणीचा केस.
डोळा नसलेल्या जिवाला
पापण्या लाखो.

कडेचे केस पाणी ओढतात.
कोपऱ्यावरचे चाळण धरतात.
समोरचे, चाळणीत राहिलेलं
चिकटाच्या दोरीवरून, खालच्या पन्हळीतून
ओठांकडे सरकवतात.
तेच पाणी तंतूंच्या आतल्या बिनरंगाच्या रक्ताला
प्राणवायू देऊन वरून निघून जातं.
एकाच घोटात जेवण आणि श्वास,
ठसका नाही.

आकृतीला दहापैकी आठ.
बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बाण
काढायचा राहिला होता.

साडेपाचला स्लाइड धुवायला घेतली
तर नखाएवढा तो तुकडा अजून ओढत होता.
बाकीचं शिणाणं दुपारीच बादलीत गेलेलं.
तोंड नाही, पोट नाही,
थेंबभर खारं पाणी
तो इकडून तिकडे पाठवत होता
कुणाकडे कोण जाणे.
मी नळ बंद केला.
शेवटची एसटी सहाची होती,
तरीही पाच मिनिटं उभी राहिले.

घरी आले तर काकी मागीलदारी, समोर टोपली.
"तेका तोंड खय असता गो?"
मी वहीतली आकृती दाखवली.
सांगितलं, गाळ आला तर ते गिळत नाही.
तोंडाशी पातळ ओठांच्या दोन जोड्या असतात,
त्या निवडतात.
नको ते चिकटात गुंडाळून
दाराबाहेर ठेवून देतात.
"शहाणा आसा," ती म्हणाली.
नवीन जेटीच्या कामाने
औंदा खाडीचं पाणी चहासारखं झालं होतं.
"आणि गाळ खूपच इलो तर?"
तर दार लावून घेतं.
"किती दिस?"

मी पान उलटलं. मग आधीचं.
वहीत नव्हतं.

काकीने पुढे विचारलं नाही.
अंगठ्याहून लहान होते ते
तिने वेगळे काढले होते, फडक्यात, ओले.
भरती यायला अजून घटकाभर होती.
फडक्याला गाठ मारून
ती धोंड्यांकडे निघाली.
फडक्यातून मधूनच बारीक टक् ऐकू येई,
एखादं दार
मिटत असल्याचा.