रंगीत तालीम

रविवारी सकाळी सात वाजता
ऐरोलीच्या दवाखान्यामागे, पार्किंगमध्ये
स्फोट झाला.
म्हणजे डॉक्टर तुंगारेंनी शिट्टी वाजवली.
"झाला," ते म्हणाले, "आता पळा."

रक्त बिटाचं होतं. एपीएमसीतून
दहा किलो आणून कँटीनच्या मिक्सरात वाटलेलं
आदल्या रात्री; चहाला अजून त्याचा वास येत होता.
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरी
आपापल्या जखमा सेफ्टीपिनने लावून
डांबरावर पडल्या होत्या, जागा वाटून घेतल्यासारख्या,
आणि एकीनं हळूच विचारलं,
सिस्टर, सावलीत मेलं तर चालेल का?

माझ्या कमरेला चार रंगांच्या चिठ्ठ्या.
चालतो तो हिरवा.
थांबू शकतो तो पिवळा.
लाल म्हणजे आत्ता, ह्या क्षणी.
काळ्याचा अर्थ डॉक्टरांनी फळ्यावर लिहिला नव्हता,
फक्त खडू खाली ठेवला होता.

एका माणसाला तीस सेकंद.
श्वास, नाडी, माझं बोट दाबा, पुढे.
ओरडणाऱ्याकडे आधी जाऊ नका, ते म्हणाले,
ओरडायला हवा लागते. त्याच्याकडे ती आहे.
गप्प असेल त्याच्याकडे जा.

बावीस वर्षं मी हाकेला ओ देत आलेय.
बेल वाजली की पाय आपोआप वळतात,
झोपेतसुद्धा; घरचे हसतात.
आणि इथे एक पोर माझी बाही धरून
"माझी आई कुठंय, माझी आई कुठंय"
तिच्या कागदावर तसं लिहिलेलंच होतं,
पण आवाज कागदावरचा नव्हता.
मी तिची बोटं एकेक करून सोडवली,
हिरवी चिठ्ठी दिली, पुढे गेले.

गेटजवळ, गटाराच्या जाळीपाशी
जनार्दन भोईर पडले होते, गोठिवलीचे,
आमचे वॉर्डबॉय,
निवृत्तीला सात महिने उरलेले बॉय.
त्यांच्या कागदावर एकच ओळ : श्वास नाही.
मान मागे केली, हनुवटी उचलली, गाल जवळ नेला.
खरंच रोखून धरला होता त्यांनी,
शर्टाला तंबाखूचा वास तेवढा.
मनगटाला काळी चिठ्ठी बांधली.
हात खाली ठेवला.
पुढे.

नंतर गुण वाचले, हजेरी घेतल्यासारखे.
माझी चूक एकच : भोईर, बत्तीस सेकंद.
"हे दोन कुठे गेले, सिस्टर?"
मला सांगता येईना.
तुंगारे चिडले नाहीत. त्यांनी कुठेतरी
हे खरं पाहिलंय, कुठे ते सांगत नाहीत,
फटाके वाजले की नुसते घड्याळाकडे बघतात.
"दोन सेकंदांत," ते म्हणाले, "पुढचा लाल काळा होतो."

दुसरी फेरी. माझे सगळे तिसाच्या आत.

दुपारी रक्त धुतलं. मुंग्या लागल्या होत्या.
खाडीवरून रोहित पक्ष्यांचा थवा गेला,
पाणी घातलेल्या बिटाच्या रंगाचा,
आणि कुणी वर पाहिलं नाही,
सगळे नखं घासत होते.
भोईर नळाशी तोंड धूत म्हणाले,
बाई, मेल्यावर ऐकू फार येतं.
सगळ्यांचे बूट ऐकले मी.
पहिल्यांदा तुम्ही माझा हात खाली ठेवलात.
दुसऱ्यांदा पडला.

मी नळ बंद केला. परत सुरू केला.
"बरोबर होतं ते," ते म्हणाले, "दुसरंच.
मी आपलं सांगितलं."

चिठ्ठी मात्र त्यांनी परत केली नाही.
सोमवारी ती दिसली
तीन नंबरच्या स्ट्रेचरला, चाक मोडलेल्या,
दीड वर्ष दुरुस्तीच्या अर्जावर झोपलेल्या.
मी वाकले. चाक फिरवून पाहिलं.
करकरलं.
कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं.
काळी सोडली, लाल बांधली,
आणि स्टोअरकीपरकडे गेले
ओरडायला.