एक पाय जमिनीवर

सेनोबिया धावत नाही, चालते.
दोन्ही पाय एकदम सुटले जमिनीवरून
की पंच पिवळी पाटी दाखवतो;
तिघांनी लाल कार्ड लिहिलं की बाहेर.

ओरुरोत पहाटे चारला, उणे सहा,
मी मागून सायकलवर, कुशीत थर्मास,
ती पुढे,
रवीसारखी कंबर घुसळत.
बसमधले खाणकामगार ओरडायचे: बदक!
एकदा तिनं त्यांची बस गाठली.
चालत.

आई म्हणायची, पाय जमिनीवर असू देत, पोरी.
लेक जिंकल्यावर सगळ्याच आया म्हणतात, तसं नव्हे.
आईला नियम पाठ होता.

सुक्रेत रौप्य. कोचाबाम्बात पहिली.
एका हिवाळ्यात फेडरेशननं बूट पाठवले,
दोन्ही डावे.

मग लिमा. अठरावा किलोमीटर.
पुढे एकच बाई, तिच्या मानेवरचा तीळ दिसेल
इतकी जवळ.
तिसरं लाल.
सेनोबियानं टोपी काढली, फुटपाथवर बसली,
नाडी सोडली, पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो:
खाली डांबर, वर तिचे बूट,
मध्ये बोटभर उजेड.

आईनं तो कापून गाड्यावर चिकटवला,
जिथं ती जांभळ्या मक्याची गरम आपी विकते.
वाफेनं कडा वळल्यात.
सेनोबिया आता गुडघ्याला पट्टा बांधून पेले विसळते.
गिऱ्हाईक विचारतं, हा हरलीस तेव्हाचा ना?
आई पातेल्यात दालचिनी टाकत राहते.
"हो," सेनोबिया म्हणते, हात पुसत,
"बोट लावून मोजा की,
केवढी वर होते."