सर्वानुमते

मार्चच्या तीस तारखेला, दुपारी सव्वाचारला
शाळेच्या खात्यात बारा हजार पाचशे जमा झाले.
मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होतो.
एकतीसला पाचच्या आत खर्ची पडले पाहिजेत,
नाहीतर आले तसे परत.

वर्षभर आम्ही अनुदानाची वाट बघतो,
अनुदान आमची एक दिवससुद्धा बघत नाही.

फेरीबोटीने मार्व्याला उतरलो, तिथून रिक्षाने मालाड.
दोन पंखे, ताडपत्री, रंगाचे डबे, हजेरीची रजिस्टरं.
दुकानदाराने विचारलं, "बिलावर तारीख कुठली टाकू, सर?"
त्यालाही आमचा मार्च ठाऊक होता.
येताना पंखे मांडीवर घेऊन बसलो,
पाती पाण्यावरच्या वाऱ्याने आपोआप फिरली.
बोटीच्या भाड्याची पावती नसते. ते माझं.

मनोरीतली आमची शाळा दोन खोल्यांची,
पट एकोणीस, शिक्षक दीड:
मी, आणि गुरुवार-शुक्रवार पलीकडच्या शाळेतून येणाऱ्या आंबेरकरबाई.
वाचनस्तर, श्रेणी ड.

निरीक्षक सोनटक्के आले तेव्हा त्यांच्या उताऱ्यात
बर्फात खेळणारी मुलं होती.
रुबेन मिरांडा, चौथी, 'हिमवर्षाव'पाशी थांबला
आणि माझ्याकडे बघत राहिला.
खाडीचं पाणी कधी चढेल हे तो घड्याळ न बघता सांगतो,
असं मी म्हणणार होतो.
म्हटलं नाही.
चौथीत आहे तो. त्याला वाचता यायला हवं होतं,
आणि तो चार वर्षं माझ्याचकडे आहे.

मग समितीची सभा.
गणपूर्तीला सात हवेत, आले चौघे.
उरलेल्या तिघांच्या सह्या मी संध्याकाळी दारोदार जाऊन आणतो.
विषय एक ते तीन: चहा.
विषय चार: कमी पटाच्या शाळेचे समायोजन.
वॉर्ड ऑफिसातून मसुदा आला होता,
मी तो आदल्या रात्रीच सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला होता.

अध्यक्ष द्रौपदाबाई केणी.
वलांडीवरचे बोंबील जावेवर सोपवून आलेल्या,
हाताला मीठ.
दोन वर्षांपूर्वीपर्यंत अंगठा लावायच्या,
मग लेकीशेजारी मागच्या बाकावर बसून सही शिकल्या.
'द्रौ' काढताना त्यांची जीभ अजून दातांत येते.

मी पेन पुढे केलं.
"आधी वाचा, मास्तर."
वाचलं. '...सबब सदर शाळा नजीकच्या शाळेत
समायोजित करण्यास सर्वानुमते...'
"थांबा. सर्व म्हंजे कोन?"
जोकीम मिरांडाने खिडकीबाहेर बघितलं.
त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं.
"शाई वाळलेय की.
सभा तर आत्ता बसली."

कोणी काही बोललं नाही.
नव्या पंख्याने वहीचं पान उलटलं, मी ते परत दाबून धरलं.
नजीकची शाळा म्हणजे खाडीपलीकडची,
पावसाळ्यात बोट बंद असली की नजीक नसणारी.
हे मला माहीत होतं.
उतरवताना माहीत होतं.

मी ती ओळ खोडली. खाली लिहिलं,
'चर्चा झाली. ठराव झाला नाही.
उपस्थित चार. गणपूर्ती नाही.'
अकरा वर्षांच्या त्या वहीत
माझ्या अक्षरातलं असं वाक्य मला दुसरं सापडेना.

द्रौपदाबाईंनी त्याखाली सही केली, सावकाश,
आणि 'केणी'ची वेलांटी जरा लांबच ओढली.

जूनमध्ये पत्र येईल.
कदाचित माझ्या नावाचंही एक असेल.
रुबेनला रोज सुटल्यावर पाऊण तास थांबवतोय,
कालचा उतारा बोट दुरुस्त करण्याचा होता, मीच लिहिलेला,
तिथेही दोनदा अडला.

विनियोग प्रमाणपत्र भरलं.
खर्च बारा हजार चारशे साठ.
शिल्लक चाळीस.
ते कुठल्या रकान्यात दाखवायचे,
सोनटक्क्यांना विचारायचं राहून गेलं.